टाचण्यांची जागा

आमच्या ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, तोंडात टाचण्या धरून काम करतात. शिवणाच्या दुकानात यात नवल काही नाही. नवल हे, की टाचण्या धरल्या तरी त्यांचं बोलणं थांबत नाही. गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या झग्याची दुमड घेताना त्या ओठांतल्या ओठांत "म्हं म्हम् हं" असा हुकूम सोडतात. त्याचा अर्थ "खडू दे, आणि तू तुकडे केलास तो नको" असा होतो, हे जगात फक्त मला कळतं. त्यांच्या सख्ख्या भावालाही कळत नाही. पण त्याला तोंड उघडून सांगितलेलंही कळत नाही, हे मी बायको म्हणून सांगू शकते.

काही वर्षांपूर्वी ताईंना छातीचा कॅन्सर झाला. डावा स्तन काढला, औषधं झाली, किरणं देऊन झाली, आणि डॉक्टरांनी "आता नुसतं तपासणीला येत जा" म्हणून सोडलं. दुकानात परतल्यावर ताईंनी पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या प्रत्येक कपड्याला आतून कापसाची उशी शिवली. काम इतकं बेमालूम की आरशापुढे उभ्या राहून मलाच विचारायच्या, "सांग बघू, खरी कुठली?"

"दोन्हींचा तोरा सारखाच आहे, कसं सांगू?" मी म्हणायचे.

अट एकच होती. बाहेर कुणाला कळता कामा नये. "आज लोक माझं शिवण बघतात. उद्या मला बघून चुकचुकतील," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला. दोघींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मग एके दिवशी बँकेतल्या मॅनेजरबाईंच्या क्रीम रंगाच्या कोटावर रक्ताचा ठिपका सापडला.

"बोटं दाखव," ताई कडाडल्या.

"माझी बोटं धुतल्या तांदळासारखी आहेत."

"मग कोटाला काय गोवर आलाय?"

मी उत्तर द्यायला मान वर केली आणि उत्तर विसरले. ताईंच्या खालच्या ओठाखाली, हनुवटीत, एक टाचणी लोंबत होती. "अहो ताई, तुमच्या हनुवटीत टाचणी घुसलीय!"

"कुठे?" त्यांनी हात फिरवला आणि "आई गं" केलं. टाचणी बोटाला लागली म्हणून. हनुवटीला काही पत्ताच नव्हता.

मी पोट धरून हसले. "तुमची कातडी गेंड्याची आहे हे मी लग्नानंतर आठवड्यातच ओळखलं होतं." ताईही हसल्या. मग टाचणी उपटत सहज म्हणाल्या, "बरेच दिवस तिथे बधिर आहे गं. खालचा ओठसुद्धा. दाताचं काहीतरी असेल."

माझं हसू तिथेच थांबलं. का ते मला सांगता आलं नसतं, पण दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं.

दाताच्या डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. त्यांनी ताईंचा एकेक दात ठोकून पाहिला, फोटो काढला. दात उत्तम होते. "आधी कधी मोठं आजारपण?" त्यांनी विचारलं.

"छे! ठणठणीत," ताई म्हणाल्या.

आपण खोटं बोलतोय असं ताईंना वाटतही नव्हतं. गिऱ्हाइकांपुढे इतकी वर्षं लपवलं होतं की डॉक्टरही त्यांना गिऱ्हाईकच वाटले. शिवाय दाताच्या माणसाला छातीचं काय सांगायचं? डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "शिरेला सूज असेल. ताकदीच्या गोळ्या घ्या, दोनेक महिन्यांनी बघू." मी तोंड उघडायला गेले, तर ताईंनी खुर्चीतूनच माझ्याकडे असं पाहिलं की दुकानातली कात्री परवडली.

दिलेला शब्द मोडला तर या बाई जन्मभर डोक्यावर मिरे वाटतील, हे मला ठाऊक होतं. पण नाही मोडला, तर मिरे वाटायला त्या राहतील का, ही भीती मोठी होती.

"डॉक्टर," मी म्हणाले, "यांना छातीचा कॅन्सर झाला होता. डावी बाजू कापसाची आहे."

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी तिथूनच ताईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला.

तपासण्या होईपर्यंत ताईंनी माझ्याशी अबोला धरला. दुकानात त्या सकाळीच तोंडात टाचण्या कोंबायच्या आणि जेवायलाच काढायच्या. "म्हं"सुद्धा नाही. मी एकटीच बडबडत होते आणि स्वतःच्याच विनोदांना हसत होते.

तपासणीत जबड्याच्या हाडात डाग दिसला, आणि पाठीच्या एका मणक्यात. "हा आजार परतून हाडांत गेला, तर बहुधा पाठ, कंबर, बरगड्या गाठतो," कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले. "जबड्यात क्वचित. आणि नुसती हनुवटी बधिर होऊन कळणं तर फारच विरळ. बऱ्याच जणी दाताचं समजून वेळ घालवतात. तुम्ही लवकर आलात."

"बरं होईल?" ताईंनी विचारलं.

"मुळापासून जाणार नाही. पण गोळ्या आणि इंजेक्शनांनी दाबून ठेवता येईल. पुष्कळ जणींना त्यावर चांगली वर्षं मिळतात." मग ते कडक आवाजात म्हणाले, "आणि तोंडात टाचण्या बंद. या औषधांत जबड्याला जखम झालेली चालत नाही, आणि तुम्हाला तर ती कळणारही नाही."

एवढा वेळ ताठ बसलेल्या ताईंचा चेहरा आता पडला. "मग धरू कुठे?" त्या म्हणाल्या. डॉक्टरांकडे त्यावर औषध नव्हतं.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी अबोला सोडला. "शब्द मोडलास."

"मोडला."

"पुन्हा मोडशील?"

"रोज मोडेन," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. ताई जातील या कल्पनेने मी लहान मुलीसारखी रडले.

"नाक पूस," त्या म्हणाल्या. "माझ्या बाहीला नको, आत्ताच इस्त्री केलीय." पण हात माझ्या पाठीवरून काढला नाही.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरबाई कोट घालून बघायला आल्या. ताई दुमड घ्यायला गुडघ्यावर बसल्या, मूठभर टाचण्या उचलल्या, सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मी घाईघाईने मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी पुढे केली. ताईंनी तिच्याकडे बघून नाक मुरडलं. मग एक टाचणी सरळ स्वतःच्या डाव्या छातीत खुपसली. मग दुसरी.

मॅनेजरबाई किंचाळल्या.

"घाबरू नका, डावी बाजू कापसाची आहे," ताई तिसरी खोचत म्हणाल्या. "कॅन्सर झाला होता. आता परत आलाय. हात सरळ ठेवा, बाही हलतेय."

मॅनेजरबाईंनी मुकाट्याने हात सरळ ठेवला. त्या चुकचुकल्या नाहीत. तेवढं धाडसच झालं नाही त्यांचं.

"आणि वहिनी, खडू दे," ताई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तू तुकडे केलास तो नको."

मी खडू दिला. आता त्यांचं बोलणं सगळ्यांनाच कळतं. मला ते अजिबात आवडलेलं नाही.