मधोमध कापलेला पंख

मी एक जुना पंख आहे. पक्ष्याचा नव्हे, विमानाचाही नव्हे, शर्यतीच्या गाडीचा. आणि मित्रांनो, आता तर पुरता पंखही नव्हे, अर्धाच. माझी डावी बाजू शाबूत आहे, आणि उजवी जिथून सुरू व्हायची तिथे कापलेली सरळ कड आहे. ज्या हातांनी मला घडवले त्याच हातांनी मला कापले. मला स्वतःला अजून ते खरे वाटत नाही, तर तुम्हाला कसे वाटावे? म्हणून पहिल्यापासून सांगतो.

विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. माझे काम नेमके उलटे. मला गाडीच्या पाठीवर बसवतात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला मी अशी वाट करून देतो, की त्याने गाडीला जमिनीवर दाबून धरावे. मग वळणावर चाके घसरत नाहीत. वारा कोणाला दिसत नाही आणि सगळे काही तोच करतो. त्या करणाऱ्याचा मी एक साधा चाकर.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबट कारखान्यात झाला. कारखाना मामांचा. त्यांच्या दोन भाच्या तिथेच वाढल्या. थोरली गाड्यांचे आकार काढायची, धाकटी त्या गाड्या शर्यतीत चालवायची. थोरलीला सगळे ताई म्हणत, धाकटीला धाकटीच. आणि मामांना सगळे मामा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला रंगारीसुद्धा.

माझ्याआधी माझा एक थोरला भाऊ जन्माला आला होता. दिसायला हुबेहूब माझ्यासारखा. त्याला वाऱ्याच्या बोगद्यात उभे केले. बोगदा म्हणजे एक मोठी खोली. तिच्या एका टोकाला प्रचंड पंखा असतो आणि गाडी जागची न हलता तिच्यावर वादळ सोडता येते. वारा वाढत गेला तसे भावाचे टोक थरथरू लागले. बारीक, जेमतेम दिसेल असे. ताईने वारा थांबवायला सांगितले, पण तोवर खाट असा आवाज झाला आणि भावाचे दोन तुकडे भिंतीवर जाऊन आपटले. ताईने ते तुकडे उचलून मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ ती मोडलेली कड न्याहाळत बसली.

मग तिने मला घडवायला घेतले. साच्यात काळ्या कार्बनच्या कापडाचे थरावर थर, मध्ये राळ, आणि माझी पोकळी बंद करण्याआधी आत एक तिरपी फासळी, टोके थरथरू नयेत म्हणून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, बोटभर रुंदीची. वरून थर चढले, भट्टीत भाजले, घासून घासून मला आरशासारखे चकचकीत केले. फासळी आत गेली ती गेलीच. बाहेरून बघणाऱ्याला तिचा मागमूसही नाही. मला काढताना साच्याला मात्र तडा गेला, त्यामुळे माझ्यासारखा मी एकटाच राहिलो.

तो हंगाम माझा होता, मित्रांनो. धाकटी वळणावर ब्रेक लावायला विसरली की काय, असे लोक म्हणत. फोटो काढणारे गाडीच्या पुढे उभे राहायचे सोडून मागे येऊन उभे राहत. त्यांच्यात पलीकडच्या संघाचे एक गृहस्थ नेहमी असत. त्यांच्या गाड्यांचे आकार तेच काढत. खिशात कायम पोलादी पट्टी, म्हणून आमच्याकडे त्यांचे नाव फुटपट्टी. ते माझ्याकडे इतक्या मायेने बघत, की मी मनातून सुखावत असे. केवढा हा माझा भोळेपणा!

हंगामाची शेवटची शर्यत आली. ती जिंकली तर करंडक धाकटीचा. सकाळच्या सरावाला पलीकडच्या संघाने आपल्या गाडीवरची चादर ओढली, आणि मित्रांनो, मी थिजलो. त्या गाडीच्या पाठीवर मीच होतो. तोच बाक, तीच खाली वळलेली टोके. रंग तेवढा निराळा.

मामा तडक तपासनिसांकडे गेले. आले ते कान पाडून. "नियमात बसतंय म्हणतात. रस्त्यावरून जाता जाता डोळ्यांनी बघितलं, त्याला चोरी धरत नाहीत."

धाकटी हसली. "बघू दे की मामा. बघून चालवता येत नाही."

ताई हसली नाही. ती कठड्यापाशी उभी राहून पलीकडची गाडी बघत होती. गाडी लांब सरळ रस्त्यावरून सुसाट आली आणि मलाही ते दिसले. माझ्या त्या जुळ्याचे टोक थरथरत होते. बारीक, जेमतेम दिसेल असे.

मला थोरल्या भावाचा आवाज आठवला. त्यांनी माझा आकार घेतला होता, फासळी कुठून घेणार? ती फोटोत आलीच नव्हती.

ताई धावतच पलीकडे फुटपट्टींना सांगायला गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ऐकत नाहीत," ती म्हणाली. "शर्यतीच्या सकाळी पंख काढा म्हणून सांगायला आलात, छान डाव आहे, असं म्हणाले."

"मग सोड ना," मामा म्हणाले. "तू सांगितलंस, तुझं काम झालं."

"मामा, गाडीत त्यांचा जावई बसतोय."

"स्वतःच्या जावयाला बसवतोय तो, तर त्याला काळजी नको?"

"त्यांना माहीतच नाही हो. माहीत असतं तर बसवला असता का?"

ताईने माझ्याकडे बघितले, मग धाकटीकडे. मला तेव्हा काहीच उमगले नाही. धाकटीला उमगले. ती खुर्चीतून उठली.

"ताई, तो माझा पंख आहे. असा दुसरा नाहीये आपल्याकडे."

"माहितीये."

"वर्षभर मी या एका दिवसासाठी जगले."

"तेही माहितीये गं."

धाकटीने हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले. मग पाना उचलला आणि स्वतःच मला गाडीवरून सोडवू लागली.

दोघी बहिणींनी मला दोन टोकांना धरून पलीकडच्या खोलीत नेले. तिथल्या माणसांचे हात जागच्या जागी थांबले. फुटपट्टींच्या टेबलावर त्यांनी मला ठेवले. तोवर मला वाटत होते की मला दाखवायला आणले आहे. माणसे मला बघतच असत, आणखी एकदा बघतील. पण ताईने भिंतीवरचे कापायचे यंत्र हातात घेतले, आणि ते सुरू झाले.

"अहो, काय करताय?" फुटपट्टी पुढे आले.

"तुम्हाला जे दिसलं नाही ते दाखवतेय."

"पण तुमची शर्यत..."

धाकटी माझे टोक घट्ट दाबून उभी होती. ती म्हणाली, "मी धरते, ताई. नीट काप. वाकडं नको जायला."

मित्रांनो, भट्टीची आच मी सोसली होती, वादळ सोसले होते. पण ज्या हाताने मला घासून चकचकीत केले, त्याच हाताने पाते माझ्यावर टेकवले, तेव्हा मला कळेना की माझा काय अपराध झाला. काळी धूळ उडाली आणि मी दोन झालो.

ताईने कापलेली कड त्यांच्याकडे वळवली. पोकळीत तिरपी फासळी दिसत होती. जन्मापासून अंधारात असलेल्या माझ्या त्या हाडावर पहिल्यांदाच उजेड पडला.

फुटपट्टींनी खिशातली पट्टी काढली, पण मापायचे विसरून ती तशीच हातात धरून राहिले. मग आपल्या मेकॅनिकला म्हणाले, "पंख उतरव." पंख उतरला. एका टोकावर संघाचे चिन्ह चिकटवलेले होते. ताईने ते नखाने सोलले. त्याखाली केसाएवढी चीर होती, बोटभर लांब.

जावई हेल्मेट हातात घेऊन तयार उभा होता. त्याने ती चीर बघितली आणि हळूच खाली बसला. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग फुटपट्टी ताईकडे वळून म्हणाले, "तुमच्या पंखाची ही वळलेली टोकं... ती आमच्या जुन्या गाडीवरून घेतलीत ना तुम्ही?"

"हो," ताई म्हणाली. "तुमची टोकं बघितली आणि घेतली. मीही विचारलं नव्हतं."

हा मला आणखी एक धक्का होता. मी स्वतःला पहिल्यापासून शेवटपर्यंत ताईचा समजत होतो. माझी टोके तर याच खोलीतून आलेली निघाली.

"माझं नशीब, त्यांच्या आत काही लपलेलं नव्हतं," ताई पुढे म्हणाली. "असतं, तर तुम्ही सांगितलंच असतंत."

फुटपट्टींनी मान खाली घातली. "आता सांगेन."

दोन्ही गाड्या मागच्या हंगामाचे पंख लावून धावल्या. धाकटी तिसरी आली, जावई चौथा. करंडक तर भलत्याच कोणीतरी नेला. मामांनी घुश्शातच गाडी भरली. निघताना मात्र जावयाने येऊन वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याला जवळ घेऊन म्हणाले, "सावकाश जा रे घरी. घरच्या रस्त्यावर तरी."

माझा उजवा अर्धा भाग फुटपट्टींनी मागून घेतला. तो त्यांच्या कारखान्यात आहे, मी इथे हात धुण्याच्या जागेवर टांगलेला आहे. नवे पंख आले, त्यांनाही फासळ्या आहेत, आणि आता पलीकडच्यांच्या पंखांनाही आहेत. माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालतात. धूळ साचते. कधी वाटते, की विसरले सगळे. पण दर हंगामाच्या शेवटी जावई येतो, आपल्या छोट्या मुलीला उचलून घेतो आणि माझ्या कापलेल्या कडेवरून तिचे बोट फिरवतो. तिला अजून काही कळत नाही. तिला गुदगुल्या होतात.

मित्रांनो, तुम्हीही कोणाचे काही बघाल, आवडेल, घ्याल. घ्या. मी स्वतःच तसा घडलो आहे. फक्त घेण्याआधी त्या माणसाच्या दारात जा आणि विचारा, की आत काय आहे. आणि तुमच्या दारात कोणी विचारायला आले, तर झाकून ठेवू नका. आणि जुन्या वस्तू पुसाल तेव्हा वरची चकाकी तेवढी पुसून थांबू नका. जिथे त्या तुटल्या आहेत, तिथलीही धूळ काढा.

परवा रंगारी ताईला म्हणाला, "पलीकडचा तुकडा मागवू. आता नवी राळ आलीय, असा जोडून देतो की सांधा सापडणार नाही."

माझे काळीज, फासळी म्हणा हवे तर, उसळले. पण ताईने माझ्यावरचा ओला हातमोजा बाजूला केला आणि म्हणाली,

"नको. जोडला की आतली फासळी परत झाकली जाईल."