कापलेल्या दोरीची गाठ

चहाची बशी तोंडाशी नेण्याआधीही आमचे हे छातीभर श्वास भरून घेतात. जन्मभराची सवय ती. पाण्याखाली काम करणाऱ्या माणसाला जमिनीवरची हवाही जपून घ्यावीशी वाटत असावी. उचगावच्या आमच्या घरात, सकाळच्या कोवळ्या उन्हात तो दीर्घ, संथ श्वास कानावर आला, की माझ्या तळहाताला घाम सुटतो.

पंचगंगेच्या काठी शेतीच्या पंपांचे पाइप नदीत सोडलेले असतात. त्यांच्या तोंडाशी गाळ नि जलपर्णी अडकली, की ह्यांना बोलावणं येतं. लग्न होऊन आले, त्याच हिवाळ्यात ह्यांनी कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक माझ्या हाती दिलं आणि मागं न बघता बुडी मारली. एक ओढ दिली की दोरी सैल सोडायची, दोन दिल्या की वर खेचायचं. आमच्या संसाराची खरी भाषा एवढीच. नदीचं पाणी हिरवं, गढूळ, पण स्वभावानं सरळ. एका दिशेनं वाहत जातं, त्यामुळे दोरीतून आलेला झटका ह्यांचाच, यात शंका नसायची. वीस वर्षं मी तो डोळे मिटून ओळखत आले.

मग कोकणातून मच्छीमारांचा निरोप आला. खाडीच्या तोंडाशी एका बुडालेल्या ट्रॉलरचा सांगाडा गाळात रुतला होता आणि त्याच्या लोखंडाला फाटकी जाळी लोंबत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांचे पंखे त्यात गुंतायचे, एकीचा तर तळच चिरला होता. जाळी कापायची, लोखंडाला तार बांधायची, म्हणजे वरून यंत्रानं ते ओढून काढता येईल. "पाणी ते पाणीच की," म्हणत हे निघाले. दोरी धरायला अर्थातच मी. तिथंच आमची घोडचूक झाली.

समुद्र स्वतः श्वास घेतो, हे नदीकाठच्या माणसाला कुठून ठाऊक असणार! ओहोटीला, तीन पुरुष खोल पाण्यात हे होडीतून उतरले. आश्विनातल्या पांढऱ्या उन्हात खाडी चकाकत होती, आणि माझ्या मुठीतली दोरी होडी लाटेवर चढली की ताणत होती, उतरली की सैल पडत होती. ही ओढ लाटेची की ह्यांची? तेवढ्यात लागोपाठ दोन झटके आले. अंबाबाईचं नाव घेऊन मी सगळ्या ताकदीनं खेचू लागले. दोरी अडकली, मी आणखी खेचली. मग ती एकाएकी हलकी झाली आणि वर आलं ते नुसतं टोक, सुरीनं कापलेलं.

होडी चालवणारे तांडेल काहीतरी समजावत होते, पाणी मघासारखंच चमकत होतं, आणि मी ते ओलं टोक पदरात घट्ट धरून बसले होते.

बऱ्याच अंतरावर ह्यांचं डोकं वर आलं. होडीत घेतल्यावर ह्यांची धाप ओसरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी खूण दिलीच न्हवती. तू वडत हुतीस, तसा मी जाळ्यात गुतत हुतो. तुझीच दोरी कापली, तवा सुटलो."

वीस वर्षं ज्या हातांनी ह्यांना वर आणलं, तेच हात ह्यांना बुडवायला निघाले होते. पुन्हा दोरी धरणार नाही, असं मी निक्षून सांगितलं. ह्यांनी मात्र शांतपणे दोन्ही टोकं गाठ मारून जोडली. गाठीपासून ह्यांच्या कमरेपर्यंत जेमतेम हातभर दोरी उरली. खूणही बदलली: दोन ओढी, मग थांबा, मग एक. लाटेला असं थांबता येत नाही, म्हणे. नवी दोरी घ्या, दुसरा माणूस बघा, म्हणून मी नाना परीनं विनवलं.

"दुसऱ्याच्या हातात मी जीव देणार न्हाय," एवढंच उत्तर मिळालं.

सांगाडा अजून निम्मा खालीच आहे आणि त्याच्यावरून रोज माणसं मासेमारीला जातात. म्हणून काम ठरलं, की आम्ही घाट उतरतो. हे छातीभर श्वास घेतात, मागं बघत नाहीत. गाठ माझ्या तळहातावरून सरकून पाण्यात जाते, आणि ती पुन्हा हाताला लागेपर्यंत मी सवाष्णही नसते नि विधवाही.