पैकीच्या पैकी आणि एक नरसाळं

आमच्या घरात पत्र्याची एकही वस्तू धड नाही. खाली आमचंच दुकान आहे. तिथे बाबा आणि आत्या नरसाळी, बादल्या, डबे, धुराडी असलं सगळं पत्र्याचं काम करतात आणि त्यांच्या कामात कुणाला खोट काढता येत नाही. पण चांगलं असेल ते गिऱ्हाइकाला आणि बिघडलेलं असेल ते घराला, असा आजोबांनी घालून दिलेला नियम आहे. दुकानात हात काळे करणाऱ्या प्रत्येकाची पहिली बिघडलेली वस्तू भंगारात टाकायची नाही. ती जिना चढून वर घरात येते आणि तिला काहीतरी काम द्यावंच लागतं.

म्हणून आजोबांची कललेली बादली दाराशी छत्र्या सांभाळते. बाबांच्या पहिल्या नरसाळ्याची नळी डाख लावताना वितळलेल्या धातूनं बुजून गेली, त्यात आम्ही चमचे ठेवतो. आत्याच्या डब्याचं झाकण इतकं सैल आहे की डबा उचलला की झाकण एकीकडे आणि आतली बटणं घरभर. आई दवाखान्यात नर्स आहे, तिचा पत्र्याशी काही संबंध नाही. पण लग्नानंतर एकदा हौसेनं तिनं केराची सुपली केली आणि मूठ उलट्या बाजूला बसवली. ती सुपली घेऊन आई केर भरायला लागली की पाहुण्यांना वाटतं तिच्या कमरेत उसण भरलीय.

माझं मात्र घरात काहीच नव्हतं, कारण मी पत्र्याला कधी हातच लावला नव्हता. मी हुशार होते ना! तिसरीपासून गणितात शंभरपैकी शंभर. आत्या मला नावानं हाक मारतच नाही. "अगं ए पैकीच्या पैकी, जरा मीठ दे," असं तिचं चालू असतं. मी तोंड वाकडं करायची, पण खरं सांगते, मला ते आवडायचं.

आणि मग शाळेतून तो फॉर्म आला. पुढच्या इयत्तेपासून गणित दोन प्रकारचं, साधं आणि प्रगत. एका चौकटीत खूण करायची, पालकांची सही घ्यायची आणि शुक्रवारी सकाळी नेऊन द्यायचा. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘खाडाखोड केलेला फॉर्म स्वीकारला जाणार नाही.’

प्रगत गणित शिकवणाऱ्या सरांना सगळे गच्चीवाले सर म्हणतात, कारण त्यांचा वर्ग गच्चीला लागून आहे. सोमवारी त्यांनी इच्छुकांना वर बोलावलं. आम्ही धापा टाकत पोचलो, तर ते खिडकीत बसून सफरचंद खात होते.

"माझ्याकडे पहिल्या चाचणीत निम्मे मार्क मिळाले तर मी उभा राहून टाळ्या वाजवतो," ते म्हणाले. "गेल्या वर्षी एकदाही उभा राहिलो नाही. कुणाला काही विचारायचंय?"

आम्ही सगळे जिन्याकडे वळलो.  घरी येऊन मी साध्या गणिताच्या चौकटीत खूण केली आणि फॉर्म वहीत दडवला.

आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, "अजून विचार करतेय."

"आणखी किती विचार करणार? तुला आवडतं ना गणित?"

"आवडतं गं. पण वेळ मिळायला नको का?"

वेळेचं कारण शुद्ध थाप होती. मला गणिताची भीती नव्हती. भीती होती ती शंभरातल्या तिसाची. दुकानातलं मला काही येत नाही, स्वयंपाक येत नाही, आवाज बेसूर. घरात माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि तिचं नाव पैकीच्या पैकी. ते नाव गेल्यावर मला कुणी काय म्हणून हाक मारणार?

बुधवारी दुपारी चौकातली बेकरीवाली मावशी पीठभरल्या हातांनी दुकानात आली.

"पत्रेवाले, नवी भट्टी बसतेय. शनिवारी पेटवायची आहे. वरती धूर ओढून घ्यायला एक मोठं नरसाळं हवंय, उलटं टांगायला." तिनं भिंतीवर बोटानं आकडे लिहिले. पिठामुळे ते छान उमटले. खालचं तोंड नव्वद सेंटीमीटर, वरचं अठरा, उंची अठ्ठेचाळीस.

बाबांनी खिळ्यांवर टांगलेल्या फर्म्यांकडे पाहिलं. फर्मे म्हणजे आजोबांनी कापून ठेवलेले जाड पुठ्ठे. पुठ्ठा पत्र्यावर ठेवायचा, कडेनं रेघ मारायची, कापायचं आणि वळवायचं. आमच्या दुकानात तीस वर्षं असंच काम चाललंय. पण एवढ्या मोठ्या नरसाळ्याचा फर्मा काही त्यात नव्हता.

"पुठ्ठे कापून कापून अंदाज घ्यावा लागेल," बाबा मानेला खाजवत म्हणाले. "त्यातच दोन दिवस जातील."

"शनिवारच्या आत द्या म्हणजे झालं," म्हणून मावशी गेली.

मी दाराशी उभी राहून भिंतीवरचे आकडे बघत होते. नरसाळं म्हणजे दुसरं काय, टोक उडवलेला शंकूच की! माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी काढून देऊ?"

आत्यानं ठोकायची लाकडी मोगरी खाली ठेवली. "पैकीच्या पैकी दुकानात? आज सूर्य कुठून उगवला?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि गिरमिटाच्या खोक्यावर वही ठेवून बसले. तिरकी बाजू काढली, ती बरोबर साठ आली. उडवलेलं टोक परत जोडलं तर ते कुठे येईल ते काढलं. तिथून खालची कड पंच्याहत्तरवर, वरची पंधरावर. पत्रा सपाट ठेवला तर दोनशे सोळा अंशांचा पंखा कापायचा. कुठे अपूर्णांक नाही की दशांश नाही, सगळं कसं चोख! मला इतका आनंद झाला की मी खोक्यावरच टुणकन उडी मारली. परीक्षेत कधी असं झालं नव्हतं. परीक्षेत उत्तर आधीच कुणाला तरी माहीत असतं. इथे ते पृथ्वीवर कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता मला होतं.

बाबांनी सुतळीचा कंपास केला. मध्यावर मी बोट दाबून धरलं, त्यांनी अणकुचीदार खिळ्यानं पत्र्यावर दोन गोल रेघा ओढल्या.

"आधी पुठ्ठ्यावर करून बघायचं का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी तीनदा ताळा केलाय!" मी फणकारले.

"बरं बाई." त्यांनी कात्री चालवली.

दोघांनी मिळून पत्रा लाकडी गोलावर हळूहळू ठोकून वळवला. संध्याकाळ व्हायला आली होती. शेवटी दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या, अगदी काठाला काठ. मी टाळी वाजवणार तेवढ्यात आत्या पुढे झाली. तिनं कडेवरून अंगठा फिरवला आणि बाबांकडे बघितलं.

"दुमड कुठाय?" ती म्हणाली.

पत्र्याला पत्रा जोडायचा तर एक कड दुसऱ्या कडेत अडकवून दुमडावी लागते. त्यासाठी दोन बोटं पत्रा जास्त ठेवायचा असतो. मी एक दोराभरसुद्धा ठेवला नव्हता. माझ्या शंकूला कागदावर दुमड लागतच नव्हती. जन्मभर हेच काम बघत या दुकानावरच्या घरात राहिले आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये! तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मी डब्यांच्या ढिगामागे जाऊन बसले आणि रडले.

पलीकडून खुसखुस ऐकू आली. मला वाटलं, हसताहेत मला. हसतच होते, पण आत्या बाबांवर हसत होती.

"अरे, पण तुला कसं आठवलं नाही? एवढी रेघ ओढलीस, कापलंस!"

"आणि ताई, तू काय करत होतीस? समोर बसून बघतच होतीस ना?"

"दुमड फर्म्यातच असते रे! पुठ्ठ्यात धरलेली असते. तीस वर्षांत मी कधी वेगळी धरलीय?"

"मी तरी कुठे धरलीय?" बाबांना हसू आवरेना. "सगळा विचार आमच्या वडिलांनीच करून ठेवला, आम्ही नुसत्या रेघा मारल्या."

मग ते ढिगामागे आले आणि मला हाताला धरून नरसाळ्यापाशी घेऊन गेले. "नख घाल," ते म्हणाले. "या फटीत नख घाल बघू."

मी डोळे पुसत जोडावर नख लावलं. वरपासून खालपर्यंत कुठेही ते आत जाईना.

"फर्म्याशिवाय मी एकदा नरसाळं वळवून पाहिलं तेव्हा चार बोटांची फट पडली होती. ताईचं तर एकावर एक चढलं होतं. असा काठाला काठ मी कधी पाहिला नाही." त्यांनी जोडावरून बोट फिरवलं. "चुकलीस खरी. पण काय चुकलीस गं!"

मला कुणी इतकं मनापासून शाबासकी दिल्याचं आठवत नाही, आणि तीही वाया गेलेल्या पत्र्यापुढे उभं राहून.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, दुसरा पत्रा आहे. या खेपेला दुमड धरून काढ. आणि रेघा तू ओढ, माझे गुडघे दुखताहेत."

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी रेघा ओढल्या. दोन बोटं जास्त धरली, वरखालच्या कडांनाही. नरसाळं पहिल्या फटक्यात बसलं. मावशी हातगाडी घेऊन न्यायला आली, तिनं आत डोकं घालून ‘हूऽऽ’ करून बघितलं आणि खूष होऊन गेली.

राहिलं माझं बिनदुमडीचं नरसाळं. नियम म्हणजे नियम, पण नव्वद सेंटीमीटरच्या नरसाळ्याला घरात काम काय देणार? आई म्हणाली, कपडे वाळत घालू. आत्या म्हणाली, पैकीच्या पैकीला त्याखाली झाकून ठेवू, चार दिवस शांतता मिळेल. शेवटी बाबांनी मला जोडावर आतून पट्टी ठोकायला लावली. माझा अंगठा दोनदा चेचला. मग वरच्या भोकातून दिवा सोडून त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर टांगलं.

दिवा अवाढव्य दिसत होता. टेबलाशी उभं राहिलं की प्रत्येकाच्या डोक्याला लागायचा आणि घंटेसारखा वाजायचा. पहिला टोला आत्याला बसला. पण प्रकाश असा पडला की टेबलावरचे जुने ओरखडेसुद्धा मोजता यावेत.

त्या प्रकाशात मी वहीतून फॉर्म काढला. आईनं साध्या चौकटीतली खूण पाहिली आणि ती पेन शोधायला लागली. सही ती करणारच होती, मी काहीही ठरवलं असतं तरी. मी वर दिव्याकडे पाहिलं. कालपर्यंत मला वाटत होतं, चुकले तर या घरात मला जागा राहणार नाही. आणि इथे तर सगळ्यांनी आपापली चूक करूनच जागा मिळवली होती.

"आई, थांब," मी म्हटलं. साध्या गणितावरची खूण खोडली आणि प्रगत गणितावर केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

"अगं, खाडाखोड चालत नाही लिहिलंय!" आई ओरडली.

"मग नाही म्हणतील. विचारून तर बघते."

शुक्रवारी गच्चीवाल्या सरांनी फॉर्म हातात धरून खोडलेल्या खुणेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"आधी चुकलं होतं, सर."

"मग खोडून बरोबर केलंस?"

"हो."

"माझ्या वर्गात दिवसभर तेच करायचं असतं," ते म्हणाले आणि त्यांनी फॉर्म गठ्ठ्यात सरकवला.

शाळेचं नवं वर्ष सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी पहिली चाचणी झाली. सर उभे राहिले नाहीत. मला शंभरपैकी एकतीस मिळाले. घरी येऊन जिना चढले. दाराशी आजोबांच्या बादलीत माझी छत्री टाकली आणि पेपर टेबलावर दिव्याखाली ठेवला. बाबांनी चष्मा लावला. आईनं लाल शाईच्या शेजारी सरांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, ‘चौथं उदाहरण चुकलं आहे, पण वाट माझ्यापेक्षा चांगली. उद्या फळ्यावर करून दाखव.’

आत्यानं पेपर उचलला, उलटसुलट बघितला. "एकतीस," ती म्हणाली. "म्हणजे पहिला बिघडलेला पेपर."

"हो," मी म्हटलं. 

"मग नियम माहीत आहे ना?"

तिनं बटणांचा डबा समोर ओढला. पेपराची घडी घातली, पुन्हा घडी घातली, दोन बोटं रुंदीची पट्टी केली आणि डब्याच्या तोंडाभोवती गुंडाळून वरून झाकण दाबलं. मग डबा झाकणाला धरून उचलला. आम्ही सगळ्यांनी सवयीनं खाली हात धरले.

झाकण निघालं नाही. आत्यानं डबा हलवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बटणं आतल्या आत खुळखुळली, एकही बाहेर पडलं नाही.

"तीस वर्षं झाली," आत्या म्हणाली आणि डबा छातीशी धरला. "अगं ए एकतीस, जरा मीठ दे."