ड्रायरमागचं टेबल

ड्रायरचं दार उघडून थोरलीने हात आत घातला आणि पटकन मागे घेतला. कपडे चटका बसेल इतके तापले होते आणि तरीही ओले होते. दुसऱ्यांदा फिरवूनही तेच. आणि आत फक्त तिचे दोन कुर्ते आणि नवऱ्याचे शर्ट होते. धाकटीचा एक रुमालसुद्धा नव्हता.

दोघी जावा एकाच घरात राहायच्या, थोरली खाली आणि धाकटी वर. धुण्याची खोली सामाईक, खालच्या जिन्याजवळ. गेल्या आठवड्यात कपडे वाळेनात तेव्हा थोरली बोलून गेली होती, "तुझे ते गोधडीएवढे टॉवेल कोंबतेस ना, म्हणून मशीनचा जीव जातो." धाकटीने बादली उचलली आणि वर गेली. तेव्हापासून ती धुण्याच्या खोलीत फिरकली नव्हती. जिन्यात भेट झाली तरी हं, हो, बरं, एवढंच.

म्हणजे टॉवेलांचा दोष नव्हता. आता हे वर जाऊन सांगायचं कोणी? थोरलीने आधी मशीनकडेच मोर्चा वळवला. निदान बिघाड सापडला तर रिकाम्या हाताने जायला नको.

दारातली जाळी तिने काढली. तिच्यात अडकलेले कपड्यांचे तंतू ती रोज पुसायची, जाळी दिसायला लख्ख होती. ती नळाखाली धरली तर पाणी आरपार जायच्या ऐवजी वर तळं करून राहिलं. कपडे मऊ करायच्या सुवासिक द्रवाचा न दिसणारा थर बसला होता. साबण लावून, दात घासायच्या जुन्या ब्रशने तिने जाळी घासली. पाणी सरळ खाली जाऊ लागलं तशी ती स्वतःवरच खूश झाली. जाळी पुसून बसवली, मशीन लावलं आणि घराच्या मागच्या बाजूला गेली. भिंतीत जिथून गरम हवा बाहेर पडते तिथली झडप नुसती थरथरत होती, पुरती उघडत नव्हती. हात धरला तर एखाद्याने फुंकर घालावी एवढीच हवा.

म्हणजे अडलं होतं ते मशीनमागे, हवा भिंतीबाहेर नेणाऱ्या नळीत. मशीन पुढे ओढायला हवं होतं आणि ते एकटीचं काम नव्हतं. नवरा आणि दीर संध्याकाळशिवाय येणार नव्हते. थोरलीने मशीन बंद केलं, प्लग काढला आणि जिना चढली.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि ओलसर वासाने तिचा श्वासच अडला. खिडकीपासून कपाटापर्यंत दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर धाकटीचे दवाखान्यातल्या नोकरीचे कपडे, चादरी, लेकीचे इवलेसे मोजे. काचा घामेजलेल्या. चार वर्षांची पोर खाली बसून चित्रं रंगवत होती आणि मधूनमधून खोकत होती.

"कधीपासून खोकतेय ही?"

"झाले दोन-तीन दिवस," धाकटी चादर सारखी करत म्हणाली. "काही हवं होतं का, ताई?"

"हवंय. पण आधी ऐक. टॉवेलांचं काही नव्हतं गं. मीच उगाच तोंड सोडलं."

धाकटी चादर सोडून वळली. मग म्हणाली, "मला वाईट वाटलं होतं."

"वाटणारच. खाली येतेस? मशीन ओढायचंय. माझी एकटीची कंबर साथ देत नाही."

"माझी तरी कुठे देते!" धाकटी म्हणाली आणि पदर नसतानाही खोचल्यासारखं करून निघाली. पोरगी मागोमाग.

दोघींनी एकेक कोपरा धरला. "हळू, फरशी ओरखडेल," "तुम्ही डावीकडून घ्या," असं करत मशीन हातभर पुढे आलं. थोरलीने मागे वाकून पाहिलं. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये इस्त्रीचं घडीचं टेबल खुपसलेलं, त्याने चंदेरी नळी पापडासारखी चपटी करून टाकलेली.

"हे कोणी ठेवलं?"

"भावजींनी," धाकटी म्हणाली. "सध्यापुरतं, असं म्हणाले होते. पाडवा... छे, आठवत नाही कधी ते."

"आमच्याकडचं सध्यापुरतं म्हणजे जन्माचं!" थोरली म्हणाली आणि दोघींना एकदम हसू फुटलं. धाकटी तर मशीनला टेकून हसत राहिली.

टेबल निघालं. नळी सोडवली तर आत करड्या तंतूंचा गच्च बोळा. थोरलीने तो ओढून काढला, उरलेलं धाकटीने व्हॅक्यूमने खेचलं.

"बरं झालं पाहिलंत," ती हळूच म्हणाली. "एवढ्या तापात हे पेटलं असतं."

थोरलीने मान हलवली. नळी चेपून गोल केली, पण एका जागी चीर पडली होती. मग धाकटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून नवी घेऊन आली. ती बसवून, मशीन भिंतीपासून वीतभर लांबच ठेवून त्यांनी वरच्या ओल्या चादरी आत घातल्या.

धाकटी घरामागे झडपेपाशी जाऊन उभी राहिली. थोरलीने बटण दाबलं.

"आली का?"

"आली! झडप पार वर गेलीय. या ना, बघा!"

थोरली मागच्या दाराने बाहेर आली. पोरगी झडपेसमोर डोळे मिटून उभी होती, केस मागे उडत होते. तिला तिथून हलवणं काही जमेना. शेवटी धाकटी आत जाऊन चहा टाकून आली आणि दोघी पायरीवर बसल्या. वरच्या खोलीच्या खिडक्या उघडायच्यात, असं थोरली म्हणाली, आणि धाकटी म्हणाली, बसा हो, उघडू सावकाश.