लवणपट्टीचा ठराव

खांडवाडीची ग्रामसभा कशी घ्यायची, हे सरपंच आप्पासाहेबांकडून शिकावं. दवंडी पिटायची, चावडीपुढं सतरंजी अंथरायची, की एकेक भावकी येऊन आपापल्या वडीलधाऱ्याच्या पाठीमागं बसायची. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकानं, ठराव वाचला की मागच्यांची नजर पुढच्या पटक्यावर. पटकेवाल्याचा हात वर गेला की मागचे सगळे हात वर. आणि पटकेवाले कुणाकडं बघायचे, ते काही सांगायला नको. बाया चावडीपुढून पदर ओढून, वहाणा हातात घेऊन जायच्या, तिथं बसायची गोष्टच सोडा. अर्ध्या तासात गावाचं भलं उरकायचं आणि आप्पासाहेब घरी जाऊन जेवायला बसायचे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. बहात्तर साली पाऊस फिरकला नाही आणि त्र्याहत्तरच्या शिमग्यापर्यंत गावातल्या विहिरींनी तळ दाखवला. जनावरं तर दिवाळीआधीच घोडेगावच्या बाजारात मिळेल त्या भावानं गेली होती. त्या वक्ताला आप्पासाहेबांच्या लवणपट्टीतल्या, म्हणजे ओढ्याकडेच्या खोलगट रानातल्या, विहिरीला तेवढं पाणी होतं, आणि त्यांनी ती सगळ्या गावाला खुली केली. कुणाकडून पै घेतली नाही. खालच्या वस्तीतल्या बाया मात्र काठापासून लांब उभ्या राहायच्या आणि कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचं. हे आप्पासाहेबांनी सांगितलेलं नव्हतं, तसंच त्यांनी कधी मोडलंही नव्हतं.

अशात सरकारनं गावाला पाझर तलाव दिला. जागा दोन निघाल्या. एक वरच्या माळावरची, सरकारी पडीक जमीन. तिथं तलाव झाला असता तर पुढंमागं घेतलेली ढोरं पाण्यावर गेली असती, एवढंच. दुसरी लवणाच्या तोंडाशी. तिथं बांध पडला की खालच्या अंगाच्या सगळ्या विहिरी पाझरणार होत्या, पण लवणपट्टी विहिरीसकट बुडणार होती. तलावाच्या सरकारी साहेबांनी दोन्ही जागा मापल्या आणि गाव ठरवील तिथं बांध घालू म्हणाले. अट एकच घातली, की ठराव भरल्या ग्रामसभेत झाला पाहिजे.

लवणपट्टीवर आप्पासाहेबांचा जीव होता. आज्यानं आणि बापानं ओढ्यातला गाळ गाड्यांनी आणून ते रान घडवलं होतं. कमरेइतकी काळी माती, तुडवली तर लोण्यासारखी पायाला लागणारी. ती पाण्याखाली जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

शामकांत भाऊसाहेब संगमनेरकडचा, नवा आणि कायद्याला धरून चालणारा. सगळं गाव सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जातंय, चावडीत येणार कोण आणि सभा भरणार कशी, असं त्यानं काळजीनं विचारलं. आप्पासाहेबांना काळजी कसली ती नव्हती. मग खडीवरच घेऊ की दुपारच्या सुट्टीत, ते म्हणाले. वर हसून विचारलं, ज्या गावाला मी पाणी पाजतो ते माझ्यावर हात उगारील होय?

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकडीच्या सरकारी खाण्याचं वाटप आटोपलं आणि खडीच्या ढिगांमध्ये माणसं गोळा झाली. चावडीत कसं बसायचं ते सगळ्यांना ठाऊक, पण उघड्या माळावर कसं बसावं ते कुणाला कळेना. आप्पासाहेबांना उरकायची घाई होती.

"हजेरीला बसता तसं बसा," ते म्हणाले.

तिथंच सगळं हुकलं. हजेरी टोळीवार व्हायची, आणि टोळ्या केल्या होत्या कामावरच्या सरकारी कारकुनानं, जो जसा आला तसा. त्याला भावकी कळत नव्हती आणि वस्तीही. पाटलाची सून, खालच्या वस्तीतली बायडाबाई, मुलाणी आणि खुद्द आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ भिमाजी एकाच टोळीत आले होते. घराण्याची अब्रू जाईल म्हणून आप्पासाहेबांनी भिमाजीला कामावर जायला मना केलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी ठराव वाचला, की तलाव वरच्या माळावर व्हावा. आप्पासाहेबांनी सवयीनं पटकेवाले शोधले. त्यांचा जुना, भरवशाचा माणूस म्हणजे कानिफनाथ. तो एका टोळीच्या मधोमध बसला होता. त्यानं झटक्यात हात वर केला आणि मागं वळून बघितलं. मागं त्याची भावकी नव्हतीच. तिथं त्याच्या टोळीतली चांगुणा बसली होती, बोटाला बांधलेली चिंधी दातांनी आवळत. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. कानिफनाथाचा हात तसाच खाली येत कानापाशी थांबला, आणि तो कान खाजवू लागला.

मग चांगुणाच उठली. बाई माणूस सभेत उभं राहिलेलं गावानं तोवर बघितलं नव्हतं.

"आप्पा, आदी जरा आमाला बोलून घिऊ द्या," ती म्हणाली. "टोळीत काय बी ठरवायचं आसंल तर आमी आदी बोलतो."

आणि खरंच तसं होतं. घण कुणी मारायचा, पाट्या कुणी वाहायच्या, पोटुशी बाई आली तर तिला सावलीतलं काम कसं द्यायचं, हे टोळी रोज आपसात ठरवायची, कारण मजुरी सगळ्यांच्या मिळून एका ढिगाच्या मापावर होती. एकाचं चुकलं तर सगळ्यांचं पोट मारलं जायचं. हे आप्पासाहेबांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली आणि दगडावर बसून तंबाखू मळायला घेतली.

बोलणं सुरू झालं. आप्पासाहेबांना वाटलं, आता भांडणं जुंपतील आणि आपणच ती सोडवू. पण भांडण काही होईना. एक बोलायचा, बाकीचे ऐकायचे, मग दुसरा. म्हातारी बोलली तरी ऐकत होते आणि मुलाणी बोलला तरी. एका टोळीतला माणूस उठून दुसरीत काहीतरी विचारून येत होता. साऱ्या माळावरून एक संथ गुणगुण उठत होती. तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. जन्म ह्या गावात गेला आणि ह्या गावाला बोलताना आपण आज ऐकतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. ही एवढी अक्कल इतके दिवस होती कुठं, ह्या विचारानं ते थक्क झाले.

मग बायडाबाई उठली.

"आप्पा, तुमच्या हिरीनं आमाला जगवलं. त्ये आमी इसरनार न्हाई. पन रोज लांब हुबं ऱ्हाऊन घागर पुढं करावी लागती. कुनी वतलं तर पानी, न्हाई तर न्हाई. ज्येची त्येची हीर पाझरली, तर आमाला बी आमच्या हातानं पानी शेंदता यील. तलाव लवनात व्हावा, आसं आमचं म्हननं हाय."

आप्पासाहेबांनी तळहातावरची तंबाखू झटकली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात भिमाजी उठला.

"दादा, त्या रानात निम्मा वाटा माजा बी हाय," तो म्हणाला. "मी लवनासाठी हात वर करनार."

आता संपलंच, असं आप्पासाहेबांना वाटलं. पण चांगुणा अजून उभीच होती.

"तुमचं रान बुडवून आमी गप बसनार न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "समद्या टोळ्यांनी ठरीवलंय. पानी यायच्या आदी तुमची काळी माती आमी पाटी पाटीनं वर काढू आन् तुमच्या वरच्या मुरमाड रानात न्हेऊन टाकू. कामाची सुट्टी झाल्यावर, रोज. मजुरी नको."

शामकांत भाऊसाहेबाची लेखणी थांबली. लवणपट्टी उचलून दुसरीकडं न्यायची. आज्याला आणि बापाला ज्याला उभा जन्म लागला, ते ही भुकेली माणसं चिंध्या बांधलेल्या हातांनी पुन्हा करणार म्हणत होती, आणि तेही दुसऱ्याच्या रानासाठी. आप्पासाहेबांना आपलं नुकसान समोर दिसत होतं, तरी ते मनात टिकेना. त्याहून फार मोठं काहीतरी त्यांच्यापुढं माळावर बसलं होतं.

त्यांनी नवा ठराव स्वतःच सांगितला, की तलाव लवणाच्या तोंडाशी व्हावा. हात वर गेले. कुणी कुणाकडं बघितलं नाही. बायांचे, म्हाताऱ्यांचे, वस्तीतले, कानिफनाथाचासुद्धा. खडीनं सोललेले, धुळीनं पांढरे पडलेले इतके हात एकदम आप्पासाहेबांनी कधी पाहिले नव्हते. एखाद्या मोठ्या देवळात शिरल्यावर व्हावं तसं त्यांना झालं. नकळत त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेतला. खाली घ्या, असं भाऊसाहेबांनी हळूच सांगितलं, तेव्हा कुठं हात खाली आले.

गावाला वाटलं, आता आप्पासाहेब चार दिवस घराबाहेर पडायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी कामाची सुट्टी झाली आणि टोळ्या कुदळी-पाट्या घेऊन लवणपट्टीवर आल्या. बघतात तर बांधाजवळ आधीच एक खड्डा खणलेला. सदरा काढून, धोतर खोचून आप्पासाहेब पाटीत माती ओढत होते. पाटी भरली. ती डोक्यावर घ्यायला समोरून दुसरं माणूस लागतं. भिमाजी धावला, कानिफनाथही धावला. आप्पासाहेबांनी दोघांना हातानंच थांबवलं. लोकांच्या मागं, विहिरीपासून नेहमीच्या अंतरावर बायडाबाई उभी होती. ते तिच्याकडं वळले.

"बायडाबाई," ते म्हणाले, "जरा उचलू लागता का?"

ती जागची हलेना. मग विहिरीच्या काठावरून चालत आली, वाकली, आणि दोघांनी मिळून पाटी उचलली.