काळ्या थराखालची वाळू

मामा भाचीला माती-डॉक्टर म्हणायचा. ती प्रयोगशाळेच्या गाडीतून नळ्या आणि पिशव्या घेऊन उतरली, तेव्हा तो फाटकातच उभा होता.

"आली का माती-डॉक्टर! नाडी बघ, जीभ बघ, पण आमच्या शेताला इंजेक्शन देऊ नकोस बाई."

त्या सगळ्या मुलखात जमीन वाळूची. मूठभर उचलली तर बोटांमधून निसटून जाणारी, फिकट पिवळी. फक्त मामाचं शेत काळं होतं, तेही वरवर नाही, माणसाच्या कमरेइतकं खोल. त्याचे पूर्वज समोरच्या माळावरचं गवत मुळासकट, मातीच्या थरासह खरवडून आणायचे. ते गोठ्यात गुरांखाली अंथरायचे आणि शेणामुताने भिजलं की शेतात पसरायचे. हे पिढ्यानपिढ्या चाललं. शेत आसपासच्या जमिनीपेक्षा उंच झालं. वाळूत एरवी टिकत नाही तो सेंद्रिय कर्ब, कुजलेल्या गवत-शेणातला कस, इथे साठून राहिला. तो किती आहे, किती खोलवर आहे, हे मोजायला भाची आली होती.

मामाला हे मोजमाप वेगळ्याच कारणासाठी हवं होतं. यंदा त्याला मोठा नांगर लावून शेत खालपर्यंत उलथायचं होतं, म्हणजे काळी माती खालच्या वाळूत मिसळेल आणि कसदार थर दुप्पट होईल.

"दुप्पट नाही होणार मामा," भाची म्हणाली. "खालचं जुनं सगळं हवा लागून कुजेल. जे साठलंय ते वायू होऊन हवेत उडून जाईल."

"माझ्या वाडवडिलांनी घाम गाळून केलेली माती आहे ही. अशी उडते होय?"

मामी चहाचे कप घेऊन आली होती. तिचं माहेर त्या माळापलीकडचं. "तुमच्यांनी घाम गाळला," ती शांतपणे म्हणाली, "आणि आमच्यांनी घर सोडलं. माळ बोडका केलात. वाळू उडत उडत आमच्या दारात आली, मग चुलीत आली."

"झालं हिचं सुरू! लग्नात हुंडा म्हणून वाळूच आणली असतीस तर भरपाई झाली असती." मामा स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. मामीही थोडी हसली. हे भांडण त्यांच्या संसाराइतकंच जुनं होतं.

थर बघायला आणि तळापर्यंतचे नमुने घ्यायला भाचीला खोल खड्डा हवा होता. तो मामानेच खणायला घेतला. वय झालं होतं, पण फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. काळा थर सुरीने कापल्यासारखा सरळ उभा राहिला. त्याखाली पिवळी वाळू लागली. पाऊस संपून बरेच महिने झाले होते, त्यामुळे ती साखरेसारखी कोरडी होती. मामा छातीपर्यंत खाली गेला तसं भाचीला दिसलं की तळाची वाळू भसाभसा सुटतेय आणि वरचा काळा थर नुसताच पुढे लोंबतोय.

"मामा, वर या. बाजूंना आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय आता खाली उतरायचं नाही."

"अगं, शेकडो वर्षं उभी आहे ही माती. तू आलीस म्हणून पडेल का?"

"वर या म्हणते ना!"

तिचा आवाज चढला तसा तो कुरकुरत वर आला आणि काठावर बसून घाम पुसू लागला. भाची आणि मामी गोठ्यातून फळ्या आणायला गेल्या. एक लांब फळी दोघींनी दोन टोकांना धरली आणि त्या परत निघाल्या. कुंपणाजवळ पोहोचल्या तेव्हा मामा काठावर नव्हता. खड्ड्यातून फावड्याचा आवाज येत होता. तळ साफ करून ठेवावा, पोरीचं काम हलकं होईल, असं त्याच्या मनात आलं असावं.

भाची ओरडली. फावड्याचा आवाज थांबला. मग धप्प असा जड आवाज झाला, मोठं पोतं पडावं तसा.

काळा थर एकसंध खाली आला होता. मामाचं डोकं आणि एक हात तेवढा वर होता. शुद्ध होती. दोघी आडव्या पडून हातांनी माती उपसू लागल्या, पण जितकी काढावी तितकी वाळू खालून, बाजूंनी पुन्हा भरत होती. तो श्वास सोडायचा, की छातीभोवतीची वाळू आणखी आवळायची.

"घेता येत नाही गं," तो म्हणाला. तो शब्द श्वासाबद्दल होता हे भाचीला कळायला क्षण लागला.

शेजारचा ट्रॅक्टरवाला धावत आला, मागोमाग आणखी माणसं आली. त्यांनी फळ्या रोवल्या आणि मामाला वर काढलं. मामीने पदराने त्याच्या ओठांवरची माती पुसली, मग पापण्यांवरची. तो गेलाय हे तिला कळलं होतं.

भाचीची आई भावाचं शेवटचं दर्शन घ्यायला आली. लेकीकडे बघून एवढंच म्हणाली, "तुला खड्डाच हवा होता ना?" भाचीने फळ्यांचं सांगितलं नाही. कुणीतरी आईला नंतर सांगितलं असेलही. पण त्या दिवसापासून आई तिच्याशी कामापुरतं बोलते.

भाचीने ते काम सोडून दिलं असतं. मामीने सोडू दिलं नाही. "अर्धं ठेवलंस तर तो फुकट गेला," ती म्हणाली. मग नमुने घेतले, पण खड्डा न करता, हाताने फिरवायच्या गिरमिटाने. मामीच्या हट्टाखातर माळावरचेही घेतले.

निकाल सांगायला भाची आली, तेव्हा मामी तांदूळ निवडत होती.

"शेतात पुष्कळ कर्ब आहे मामी. सगळ्यात जुना अगदी तळाशी. माळावर मात्र जवळजवळ काहीच नाही."

"आणि दोन्हीची बेरीज केली तर?"

"बेरीज केली तर फारसं काही वाढलेलं नाही. बरंचसं तिकडचं इकडे आलंय."

मामीचा हात ताटात थांबला. "हे त्याला ऐकवायला हवं होतं," ती म्हणाली. "किती चिडला असता!" आणि ती पहिल्यांदाच रडली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. भाची तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

मोठा नांगर आला नाही. तळाचा जुना साठा उघडा पडू नये म्हणून मामीने शेतात गवत वाढू दिलं. दीर भांडला, चांगल्या जमिनीची माती केली म्हणाला. गावात लोक म्हणतात, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलंय. उन्हाळ्यात वारा सुटला की माळावरून वाळू येते, आणि ती दारं-खिडक्या लावून आत बसते.