जानेवारीचं पान

गावच्या कॅलेंडरवरचं जानेवारीचं पान आठ वर्षं गावचा फोटोग्राफर ओडमुंड याच्या नावावर होतं. दर वर्षी त्यानेच टिपलेला ध्रुवीय प्रकाश, आणि रांगफ्रिडचा फोटो फार तर ऑक्टोबरवर, तोही मेंढ्यांचा. शाळेची बस चालवणाऱ्या रांगफ्रिडने यंदा मनावर घेतलं होतं. जानेवारी हवा म्हणजे हवा. फोटो द्यायचा उद्या शेवटचा दिवस.

आज आकाश मोकळं होतं, थंडी उणे अठरा. संध्याकाळी पाचलाच डोंगरामागे हिरवं काहीतरी सळसळू लागलं. तिने फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या काठी तिपाई रोवली, काखेत ऊबेला ठेवलेली बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली आणि कपाळाला हात लावला. ऐन चौकटीत ओडमुंडच्या अंगणातला दिवा भगभगत होता.

नाक मुठीत धरून तिने फोन केला.

"तुझा तो दिवा मालव जरा."

"का गं? मेंढ्यांची झोपमोड होते?"

"ओडमुंड, मुकाट्यानं मालव."

दिवा गेला. ती गारठलेल्या बोटांनी फोकस जुळवेपर्यंत हिरव्याला जांभळी किनार आली. इतकं सुंदर आकाश तिने कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. शटर वीस सेकंद उघडं राहणार होतं. तिने बटण दाबायला आणि ओडमुंड थर्मास घेऊन चौकटीत उगवायला एकच गाठ पडली. 'खट्' ऐकताच तो चाळीस वर्षांच्या सवयीने जागच्या जागी थिजला.

"चालत राहिला असतास तर उमटलाही नसतास," शटर मिटल्यावर ती करवादली. "एवढंही कळत नाही?"

"कळतं गं. पण शटर उघडं असताना पायच हलत नाहीत. कॉफी घे."

तोवर आकाश विझलं होतं. दोघांनी तासभर वाट पाहिली, पण व्यर्थ. चरफडत तिने तोच फोटो पाठवला.

जानेवारी तिला मिळाला. दुकानात मात्र जो तो म्हणे, "यंदाही जानेवारीत ओडमुंडच." तिचा नुसता तिळपापड होई. त्या रात्री तिच्याकडेच राहिलेला त्याचा थर्मासही तिने रागाने मार्चपर्यंत परत दिला नाही.

शेवटी द्यायला गेली, तर त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर अजून जानेवारीच होता. हिरव्या आकाशाखाली ओडमुंड, मान वर, काखोटीला थर्मास.

"अरे, मार्च लागला," म्हणत तिने पान उलटायला हात पुढे केला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "सगळ्या गावाचे फोटो मी काढले. माझा हा एकच आहे."

रांगफ्रिडचा राग कुठल्या कुठे गेला. तिने हात मागे घेतला आणि जानेवारी तसाच राहू दिला.